माहेरचं पूर्ण तिकीट

आमच्या घरात प्रवासाची यादी मी करते. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच वर्षी मी लग्न होऊन गोंदियाजवळ कुडव्याला आले आणि पहिल्या दिवाळीतच हे काम माझ्याकडे आलं, कारण दुसरं कोणी ते करत नव्हतं आणि बस चुकत होत्या. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात. प्रत्येक गावाचा एक दिवस ठरलेला. दिवसा जत्रा, मग दंडारीचा नाचगाण्याचा खेळ किंवा नाटक, आणि लग्न होऊन गेलेल्या मुली त्या दिवसासाठी माहेरी येतात. माझ्या सासऱ्यांचं गाव अर्जुनी मोरगावच्या पुढे आहे. तिथल्या मंडईला कोण जाणार, कोणती बस, डब्यात काय, पाण्याच्या बाटल्या कोणाच्या पिशवीत, एवढं लिहून मी कागद फ्रिजवर चिकटवते. लोक हसतात. बस मात्र चुकत नाही.

यादीत दोन नावं कायमची. एक सासूबाई, त्यांना मी आई म्हणते. त्या गावी सासऱ्यांजवळ राहतात, पण दिवाळीला आमच्याकडे कुडव्याला येतात. दुसऱ्या आत्याबाई, सासऱ्यांची एकुलती बहीण. या दोघींचं नातं नवीन माणसाला समजावून सांगावं लागतं. दोन घरांनी साटंलोटं केलं होतं. आत्याबाई जन्माने अर्जुनीकडच्या. त्यांना बाघ नदीपलीकडे, मध्य प्रदेशात, बालाघाटजवळच्या एका घरात दिलं. त्याच घरातली मुलगी, म्हणजे आमच्या आई, इकडे आणली. मांडव एकच होता. त्यामुळे दोघी एकमेकींच्या नणंदा आहेत आणि भावजयाही. दोघीही एकमेकींना वहिनी म्हणतात आणि दोघीही नणंदेच्या अधिकाराने टोमणे मारतात.

"तुमच्या गावात अजून रस्ता नाही धड," आई म्हणत.

"गाव माहं, पण राहून राहिल्या तुम्ही. इतके वर्ष काय केलं?" आत्याबाई म्हणत.

माहेरी आलेल्या मुलीला तिकिटाचा खर्च करू द्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. पूर्वी सासरे स्वतः बहिणीला घ्यायला गोंदियाच्या स्टँडवर येत. गुडघे गेल्यावर त्यांनी गाव सोडणं बंद केलं आणि बहिणीला आणण्याचं काम आईंकडे दिलं. तरी गावच्या फाट्यावर ते काठी टेकत उभे असत. बस थांबली की पहिला प्रश्न, "तिकीट कोणी काढलं?" आणि उत्तर ऐकायच्या आधी बहिणीच्या हातातली पिशवी घ्यायची. आईंची पिशवी आई स्वतः आणत. त्या घरच्याच.

म्हाताऱ्या माणसांना बसमध्ये अर्धं तिकीट मिळू लागलं तेव्हा दोघींनाही ते मिळत होतं. कंडक्टर पांढरे केस बघायचा, बोलणं ऐकायचा आणि दोन हाफ द्यायचा. आत्याबाई बोलायला लागल्या की त्या कुठल्या हे कोणी विचारत नसे. अर्जुनीकडची बोली त्यांच्या तोंडून कधी गेलीच नव्हती.

मग दोन हजार दहाचं दशक संपत आलं तेव्हा कार्ड आलं. फोटो काढायचा, अंगठा द्यायचा, आधार दाखवायचं, आणि पुढे प्रत्येक वेळी कंडक्टरच्या मशीनवर कार्ड टेकवायचं. दिवाळीच्या आधी आईंचं कार्ड तयार झालं होतं, दिवाळी झाल्यावर ते घ्यायला मी त्यांना स्टँडवर नेलं. आत्याबाई आदल्या दिवशी आल्या होत्या. एका फेरीत दोन कामं, म्हणून त्यांचाही अर्ज द्यायला सोबत घेतलं.

खिडकीतल्या माणसाने आत्याबाईंचं आधार उलटसुलट पाहिलं. "आजी, हे मध्य प्रदेशचं आहे जी. इथलं पाहिजे."

"मी इथलीच आहो. अर्जुनीकडची. शाळा इथं, लग्न इथं."

"जन्म नाही पाहत आम्ही. पत्ता पाहतो."

"अन् हिचं कार्ड कसं झालं? हे तर तिकडून आली."

"त्यांचा पत्ता इथला आहे ना."

मागे रांगेतला एक जण म्हणाला, "दादी, बहू बन के आ जाओ इधर, कार्ड मिल जाएगा." रांग हसली. खिडकीतला माणूस वाईट नव्हता, त्याच्या कागदावर जसं होतं तसं त्याने सांगितलं. मी आधार परत घेतलं आणि दोघींना ऑटोत बसवलं.

ऑटोत आईंनी नवीन कार्ड पिशवीतून काढलं, फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "पाहा वहिनी, आता मी गाववाली अन् तुम्ही टुरिस्ट." हा शब्द त्यांना नवेगावचा तलाव बघायला येणाऱ्या शहरी मंडळींमुळे मिळाला होता. आत्याबाई एरवी अशा वाक्याला तिथल्या तिथे उत्तर देत. त्या दिवशी त्या कुडव्यापर्यंत रस्त्याकडे बघत बसल्या.

घरी आल्यावर त्या थेट फ्रिजसमोर गेल्या. "माहं नाव खोड यातून. मी उद्या वापस जातो."

"काऊन?" आईंनी विचारलं.

"पाव्हणीनं इतक्या दूर कायले जावं? भावाले फोन लावून दे, मी सांगतो त्याले."

मी फोन लावला नाही. सासरे गाव सोडत नव्हते, म्हणजे आत्याबाई गेल्या नाहीत तर भावाबहिणीची त्या वर्षी भेट नव्हती, आणि त्या दोघांच्या वयात पुढचं वर्ष धरून चालायचं नसतं. मी त्यांना फरकाचे पैसे किती किरकोळ आहेत ते सांगितलं. "पैशाचं कोण बोलून राहिलं?" त्या म्हणाल्या.

मी त्या नियमाचा नंतर बराच विचार केला आहे. तो चुकीचा आहे असं मला सरळ म्हणता येत नाही. सवलतीचे पैसे राज्य देतं, तेव्हा ते आपल्या माणसांना देणार. माघात आमच्याच जिल्ह्यात कचारगडच्या यात्रेला छत्तीसगडहून म्हातारी माणसं येतात, पूर्ण तिकीट काढतात, आणि त्यांच्यापैकी कोणाला भांडताना मी पाहिलेलं नाही. जो रोज त्या रस्त्याने जातो त्याला अर्धं आणि जो वर्षातून एकदा येतो त्याला पूर्ण, यात हिशेबाची चूक नाही. एक गोष्ट मात्र मला खटकते. अर्ज दिल्यावर कार्ड हातात यायला दिवस लागतात. चार दिवसांसाठी आलेल्याला उद्या नियमाने परवानगी दिली तरी कार्ड मिळेपर्यंत तो घरी गेलेला असेल. म्हणजे तेव्हाही तो जास्त पैसे देईल, पण परका म्हणून नाही, त्याला थांबायला वेळ नाही म्हणून. आणि पाहुणा कोण, हे पत्त्यावरून ठरवणं खिडकीतल्या माणसाला सोपं आहे. आमच्या घरात ते सोपं नव्हतं.

आईंनी माफी मागितली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. सकाळी उठून त्यांनी आत्याबाईंना आवडतात तसे तांदळाच्या पिठाचे वडे तळले, स्टीलच्या मोठ्या डब्यात भरले आणि डबा आपल्या पिशवीत ठेवला. मग कार्ड आत्याबाईंच्या हातात दिलं.

"हे धरा तुम्ही. चला."

"फोटो तुमचा आहे त्यावर."

"फोटोचं मी पाहतो."

आत्याबाई साडी बदलून आल्या. मी यादी पिशवीत टाकली आणि आम्ही निघालो.

बसमध्ये तिघींना एका बाकावर जागा मिळाली, खिडकीपाशी आत्याबाई. कंडक्टर मशीन घेऊन आला तेव्हा आत्याबाईंनी कार्ड पुढे केलं. त्याने कार्ड पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"आजी, फोटो तुमचा नाही हा."

"फोटो माहा आहे," आई म्हणाल्या, "पण कार्ड हिचं आहे."

"असं कसं जी?"

"ही इथची. मी बालाघाटकडची. आमच्या बापांनी आमची अदलाबदल केली. त्यात कार्ड चुकीच्या बाईले आलं."

"मी सकाळपासून सांगून राहिली, हे मानत नाही," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी सकाळपासून असं काहीच सांगितलं नव्हतं.

मागच्या सीटवरून एक बाई ओरडली, "कंडक्टर भाऊ, जावई कोणत्या गावचा ते बी विचारून घ्या!"

कंडक्टरने मशीन खाली धरलं. "माह्या मशीनले हे सब समजत नाही. कार्ड एक, तर हाफ एक. फोटोवाली बाई गाडीत बसली आहे, माहं काम झालं. बाकी फुल. कोणाचं कोणतं ते तुम्ही वाटून घ्या." कार्ड टेकवून त्याने तिकिटं काढली, माझ्याकडून पैसे घेतले, तिकिटं माझ्या हातात दिली आणि पुढच्या सीटकडे गेला.

आईंनी माझ्या हातातून तिकिटं घेतली, डोळ्यांजवळ नेऊन वाचली, आणि हाफचं आत्याबाईंना दिलं. "हे गाववालीचं." एक फुल स्वतःकडे ठेवलं, दुसरं मला.

आत्याबाईंनी ते तिकीट पदराच्या टोकाला बांधलं. कोहमाऱ्याला बस थांबली तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या आणि आईंना म्हणाल्या, "सरका इकडं, खिडकीपाशी बसा. टुरिस्टनं पाहावं. आमचं पाहिलेलंच आहे."

आई खिडकीपाशी बसल्या. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालू होती. त्या रस्त्याने त्या मला वाटतं शेकडो वेळा गेल्या असतील, पण खिडकीची जागा दर वेळी माहेरवाशिणीची असायची.

फाट्यावर सासरे उभे होते. आम्ही उतरलो.

"तिकीट कोणी काढलं?"

"सुनेनं," आई म्हणाल्या.

त्यांनी बहिणीच्या पिशवीसाठी हात पुढे केला. आत्याबाईंनी पिशवी पाठीमागे घेतली.

"माही मी नेतो. मी घरचीच आहो. पाव्हणी ते पाहा, फुल तिकीट काढून आली."

सासऱ्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि आईंची पिशवी उजव्या हातात. डब्यामुळे ती जड होती. ती घेऊन ते पुढे चालू लागले, बाजूला आत्याबाई, कोणाच्या घरी कोण आलं आहे ते विचारत. आई मागून रिकाम्या हाताने येत होत्या. हातांचं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं, म्हणून त्यांनी पदर सारखा केला, आणि थोड्या अंतराने पुन्हा केला.