नसलेल्या पायातला बूट

"सिस्टर, डाव्या पायातला बूट काढा. फार चावतोय."

शिंदेकाका टेबलावर उताणे होते. आवाज शांत. सिस्टरने सवयीने चादर उचलली आणि तशीच थांबली. डावा पाय अर्ध्या मांडीपासून नव्हताच. अकरा वर्षांपूर्वी सोनकच्छजवळ ट्रकखाली गेला होता.

देवासच्या एका दवाखान्यात मी भूल देते. काकांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. दम्यामुळे पूर्ण भूल धोक्याची, म्हणून स्पायनल दिलं. म्हणजे कमरेत, मणक्यांमधून बारीक सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात औषध सोडायचं. दुखण्याचे निरोप तिथेच अडतात. पेशंट जागा, पण कमरेखाली काही कळत नाही. उजव्या पायाला मी चिमटा काढला होता, काकांना पत्ता नव्हता.

"काका, डावा पाय तर..."

"ठाऊक आहे बाई, पाय नाही. बूट आहे." त्यांनी माझं मनगट धरलं. "आत कोणीतरी अंगठा पिरगाळतंय."

नाडी एकशे चाळीसवर गेली. छातीतून शिट्टी वाजू लागली.

सर्जन म्हणाले, "मॅडम, झोपवून टाका ना. टाइम जा रहा है."

"अशा दम्यात श्वासाची नळी घातली तर ती लवकर निघेल याची खात्री नाही. पाच मिनिटं द्या."

असं होतं, हे मी फक्त वाचलं होतं. उरलेली मांडीही सतत काही ना काही निरोप वर पाठवते. त्यामुळे जुनी वेदना दबून राहते, असं मानतात. ते निरोप मीच बंद केले होते. खालून काहीच येईना, तेव्हा मेंदू आठवणीतला पाय दुखवत होता. कमरेत आणखी औषध देऊन उपयोग नव्हता. दुखणं सुईच्या वर होतं. मी शिरेतून थोडं केटामाइन हे भुलीचं औषध दिलं. ते वर, मेंदूपर्यंत पोहोचतं.

सगळे त्या सपाट चादरीकडे बघत होते. त्या पायाला धक्का लागू नये म्हणून मी जरा लांब उभी आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"लेस सुटली," काका पुटपुटले. मग बऱ्याच वेळाने, "निघाला."

नाडी नव्वदवर आली. ऑपरेशन सुरळीत झालं. संध्याकाळी दोन्ही औषधं उतरली, तरी दुखणं परतलं नाही.

मी विचारलं, "कोणता बूट होता, काका?"

"त्या दिवशी नवीनच घातले होते. डावा कोणाला सापडलाच नाही."

काकांच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं, 'डावा पाय नाही, तक्रार नाही.' विचारलं मात्र नव्हतं. आता अशा पेशंटला सुईआधी विचारते, "गेलेला पाय कधी दुखतो का?" काही जण आधी दार लागलंय का ते बघतात. मग हो म्हणतात.