एक वाव, दोन विती आणि जीपचा एक्सल

मार्चच्या सुरुवातीला माझ्या जीपचा मागचा एक्सल मोडला. आंबा काढायला अजून तीन-चार आठवडे होते. पावस गावातून आमच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या बागेत यायला जो चढ आहे, त्याच्या निम्म्यावर चाक कातळाच्या एका पायरीवर आपटलं, कडकन आवाज झाला आणि जीप मागच्या बाजूने खाली बसली. मी उतरून तिला चार शिव्या दिल्या. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून आणखी दोन दिल्या.

ऐकायला कुणी नसणं ही गोष्ट तेव्हा दोन वर्षांची झाली होती. बायको गेली आणि बागेतल्या घरात मी एकटा उरलो. हंगामात आंबे काढायला गडी येतात, मेअखेर निघून जातात. मुलगी मुंबईला असते, रोज फोन करते, आणि रोज वेगळ्या शब्दांत एकच सांगते की तिकडे राहायला या. मी रोज वेगळ्या शब्दांत नाही म्हणतो. त्या दिवशी तिला एक्सलचं कळलं तेव्हा मात्र तिने आडवळण घेतलं नाही. "बाबा, आता पुरे करा," ती म्हणाली. मी फोन ठेवून दिला. नंतर दिवसभर वाईट वाटत राहिलं, पण परत फोन केला नाही. माझा स्वभावच तसा आहे.

जीप ट्रॅक्टरला बांधून रत्नागिरीच्या गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री गेली पंधरा वर्षं तिचं सगळं बघतो. त्याने खाली सरपटत जाऊन पाहिलं आणि दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे लांज्याच्या पुढे हायवेला लागून जो भंगारवाला आहे, त्याच्याकडे अशाच जीपचा निघालेला एक्सल बघायचा. दुसरा म्हणजे कोल्हापूरला एक वर्कशॉप ऑर्डरप्रमाणे एक्सल बनवून देतं. तो भक्कम असतो आणि हवा तेवढा रुंद करून मिळतो. रुंद केला तर पुढचा-मागचा दोन्ही बदलायचे, पण मग सड्यावरच्या उतारात जीप कलंडायची भीती नाही. मागच्याच वर्षी एकदा ती भरल्या क्रेटांसह कलंडता कलंडता राहिली होती, आणि तेव्हापासून त्या उताराला मी घाबरायचो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आधी भंगार बघायला गेलो. मला वाटलं होतं लोखंडाचा ढीग असेल. तर तिथे चार-पाच जीपा ओळीने उभ्या, कुणाला दारं नाहीत, कुणाला बॉनेट नाही. आमच्या जीपसारखी एक होती. तिच्या आरशाला अजून वाळलेली लिंबू-मिरची लटकत होती. मागच्या हौद्यात आंब्याची सुकी पानं आणि पेटीत घालतात तो पेंढा. मिस्त्री खाली वाकून एक्सलवर हातोडी मारून आवाज ऐकत होता आणि मी त्या पानांकडे बघत होतो. कोण चालवत असेल, आणि शेवटी तिला इथवर कोण घेऊन आलं असेल? बहुतेक कुणाचा तरी मुलगा, किंवा जावई.

मिस्त्री हात पुसत म्हणाला की चांगला आहे, उचलू या. मी नाही म्हटलं. मेलेल्याचं हाड मला नको, असं काहीतरी तोडून बोललो. तो शांत माणूस आहे. त्याने फक्त एक विचारलं.

"काका, गाडी अजून किती वर्सं चालवायची हाय तुमाला? ह्यो बसवला तर चार-पाच वर्सं कुठं जात नाय. नवा केलात तर तुमच्या मागं पन चालंल."

"वीस," मी म्हणालो.

त्रेसष्टाव्या वर्षी मी वीस म्हणालो. खरं सांगायचं तर मी ते त्याला सांगतच नव्हतो. मी मुलीला सांगत होतो, आणि रिकाम्या घरालाही. नवा एक्सल बसला की प्रश्न मिटला, मग मला कुणी तिकडे या म्हणणार नाही की पुरे म्हणणार नाही, असं माझ्या डोक्याने घेतलं होतं.

कोल्हापूरचा फोन आला तेव्हा मी गॅरेजातच होतो. त्यांनी विचारलं, गाडी जिथून जाते त्यातली सगळ्यात चिंचोळी जागा किती? मला विचार करावा लागला नाही. आमच्या बागेभोवती जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा आहे आणि आत शिरायला त्याच्यात एकच वाट सोडलेली. तिची रुंदी आमच्या घरात पाठ होती: एक वाव आणि दोन विती. बायको मांडवीची, तिच्या वडिलांची होडी होती. त्या घरात दोरी, जाळं, पाण्याची खोली, सगळं वावेने मोजायचे. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. ती विहिरीचा दोरही तसाच मोजायची आणि कपड्यांची दोरीही.

मी गॅरेजच्या मध्यावर हात पसरून उभा राहिलो. मिस्त्रीने टेप लावला, वर माझ्या दोन विती धरल्या, आणि आकडा कोल्हापूरला कळवला. मी वर असंही म्हणालो की त्यात बसेल तेवढा रुंद करा. बागेत जाऊन प्रत्यक्ष मोजू, असं मिस्त्री एकदा म्हणाला होता. माझी बाग मला माहीत आहे, असं त्याला उत्तर मिळालं.

साडेतीन आठवडे गेले. जीप गॅरेजातून बाहेर आली ती पाय फाकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी. चढावर ती हललीसुद्धा नाही. जिथे मोडली होती ती पायरी मी मुद्दाम हळू, बघत बघत ओलांडली. मुलीला आज आपण होऊन फोन करायचा, हेही ठरवलं.

गडग्याशी आलो आणि डावं चाक चिऱ्याला घासलं. वाटलं, वळण चुकलं. मागे घेतली, सरळ केली, पुन्हा घातली. आता उजवं घासलं. तिसऱ्यांदा रागाने घातली आणि दोन्ही चाकं दोन्हीकडे टेकली. जीप दाराशी आलेल्या पाहुण्यासारखी तिथेच अडून राहिली.

उतरलो. मिस्त्रीला, कोल्हापूरला, ज्याने गडगा घातला त्या गवंड्याला, सगळ्यांना मनात धारेवर धरलं. मग जीप मागे घेऊन त्या वाटेत हात पसरून उभा राहिलो. माझी बोटं दोन्हीकडच्या चिऱ्यांना जवळजवळ लागत होती. विती ठेवायला जागाच नव्हती.

तेव्हा आठवलं. बावीस वर्षांपूर्वी गवंड्याने विचारलं होतं, वाट केवढी ठेवू. मी टेप आणायला घरात गेलो, तो नेहमीसारखा सापडेना. परत आलो तर बायको वाटेत दोन्ही हात पसरून उभी होती आणि गवंडी तिच्या बोटांशी खुणा करत होता. मग तिने दोन्ही बाजूंना आपली एकेक वीत टाकली.

"माझी एक वाव नि दोन विती," ती म्हणाली होती. "जीप गेली पायजे, लोकांचे ट्रक नकोत."

वाव तिची होती. ती माझ्या खांद्याला जेमतेम लागायची. तीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिचं माप मी माझंच समजून सांगून बसलो होतो. मी तिथेच चिऱ्यावर बसलो आणि रडलो. ती गेली तेव्हा आलेल्या-गेलेल्यांत मला रडायला जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने वाट पाहिली, टेप लावला, फूटभर कमी भरली. तो मला काही लागेल असं बोलला नाही. म्हणाला, एका बाजूचे चिरे उतरवून पलीकडे रचू, दुपारपर्यंत होईल. आत पहिला आंबा तयार होता, गडी आले होते आणि क्रेट डोक्यावरून बाहेर आणत होते. शहाण्या माणसाने हो म्हटलं असतं.

मी विचारलं, लांज्याचा तो एक्सल अजून आहे का?

त्याने तिथल्या तिथे फोन लावला. होता. नवी जोडी तो खपवणार होता, कोल्हापूरकडे हौसेने डोंगरात जीपा घालणारी मंडळी आहेत त्यांना. जुना पुढचा एक्सल गॅरेजातच पडून होता. तरी त्याला राहवलं नाही.

"काका, चार-पाच वर्सं. जास्ती नाय सांगत."

"पुरे," मी म्हणालो.

हा शब्द मुलीने उच्चारला तेव्हा मी फोन ठेवला होता. त्या संध्याकाळी मी तिला फोन केला आणि सांगितलं की चार-पाच वर्षं मला इथे राहू दे, मग येईन. तिने विचारलं, जेवलात का.

आता जीपला त्या कुणाच्या तरी जीपचा एक्सल आहे. तो बरा चालतो. उताराला मला अजून भीती वाटते. गडग्याशी आलो की मी सवयीने गाडी थांबवतो, कारण बायको पुढे उभी राहून, दोन्ही हात पसरून, मागे मागे सरकत मला आत घ्यायची आणि डावीकडं घ्या, या, या म्हणत राहायची. आता या म्हणायला कुणी नसतं. थोडा वेळ थांबतो आणि मग गिअर टाकतो. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते, तिने ठेवली होती तेवढीच.