खाली उतरलेला तीन

बाबांना डेंग्यू झाला त्या आठवड्यात लालबागच्या आमच्या चाळीत प्लेटलेट्स हा शब्द सगळ्यांना पाठ झाला होता. आदल्या दिवशीच्या कागदावर ऐंशी हजार होत्या. दुसऱ्या दिवशी घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबने आईच्या फोनवर रिपोर्टची लिंक पाठवली. आता चाळीत रिपोर्ट कधी एकट्याने वाचतात का? आई फोन घेऊन थेट शेजारच्या बाईंकडे गेली. बाई रिटायर्ड, शाळेत गणित शिकवायच्या.

संध्याकाळी मी लोअर परळच्या ऑफिसातून आले तर गॅलरीत सगळे उभे. बाईंनी पाठकोऱ्या कागदावरचा गुणाकार माझ्यापुढे धरला.

"सहा हजार तीनशे शहाऐंशी गं," त्या म्हणाल्या. "दोनदा करून बघितला."

कुणीतरी टॅक्सी आणायला खाली धावलंसुद्धा. आत बाबा खाटेवर डोळे मिटून पडलेले. आई उशाशी उभी, उजवी मूठ घट्ट आवळलेली.

"आई, पिशवी भर. हल ना गं!" मी ओरडले. भीती वाटली की मी ओरडतेच, काय करू? ती जागची हलली नाही.

टॉवेल कोंबता कोंबता मी फोनवर स्वतः पाहिलं. 62 x 103. एकशे तीन? रक्ताच्या रिपोर्टमध्ये एकशे तीनने कोण गुणतं? वेबसाइटची असली पानं बनवणं हेच माझं पोटापाण्याचं काम, म्हणून डोक्यात शंका आली. पण त्या शंकेचीही भीती वाटली. मला हवं तेच मला दिसत असेल तर? त्या नादात बाबांना न्यायला उशीर झाला तर?

लॅपटॉप उघडला. घाईत पासवर्ड चुकला, परत टाकला. मग पानामागचा कोड काढला. त्यात तो तीन सप टॅगमध्ये नीट बसवलेला होता. आकडा ओळीच्या वर, बारीक दिसावा म्हणून हाच टॅग घालतात. पण साइटच्या स्टाइल फाइलमध्ये एक ओळ होती, सगळी अक्षरं एका मापाची, एका रेषेत आणणारी. तिने तीनला खाली ओढला होता. खरं होतं 10³, म्हणजे हजार. बासष्ट हजार!

तरी विश्वास बसेना. डॉक्टरांना फोन लावला, लिंक पाठवली.

"बासष्ट हजारच. घरी राहू दे, पाणी पाजत राहा. उद्या सकाळी परत रक्त तपासू."

बाई उंबऱ्यातच बसल्या. "अगं बाई गं! मी चांगल्या माणसाला मारलंच होतं की!" म्हणून रडायला लागल्या. मलाही रडू फुटलं.

बाबांनी डोळे उघडले. "गॅलरीतला सगळा माका ऐकाक येता हां," ते म्हणाले. मग आईकडे हात पसरला. "दी आता परत."

आईची मूठ उघडेना. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. आत बाबांची लग्नातली अंगठी होती. सहा हजार ऐकल्यावर त्यांनी ती बोटातून काढून तिच्या हातात ठेवली होती.

आईने अंगठीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं.

"उद्याचा रिपोर्ट येऊ दे," ती म्हणाली, आणि मूठ पुन्हा मिटली.