हातभर कमी पडलेली धाव

अमेरिकेतल्या अर्विंग शहरात राहणाऱ्या देवानंदकाकांना बेसबॉलचं वेड लावलं शेजारच्या म्हाताऱ्या वॉल्टरने. कमलाकाकू त्या वेडाला सवतच म्हणायच्या. चौऱ्याण्णव साली खेळाडूंच्या संपाने मोठे सामने बंद पडले, तेव्हा वॉल्टर रोज आपल्या बापाचा १९०८चा सीझन ऐकवायचा. बाप पगारी खेळाडू. शेवटच्या सामन्यात धावत आला आणि जिथे पोचलं की धाव पुरी होते त्या होम प्लेटच्या हातभर अलीकडे बाद झाला. विजेतेपद गेलं.

"ती धाव एकदा पुरी झालेली बघायचीय," म्हातारा म्हणायचा.

मग काकांनी ओळखीचे तरुण इंजिनियर जमवून पार्कात तो सामना पुन्हा मांडला. बाप झाले स्वतः काका, पंच वॉल्टर.

"आधी पोट पोचेल, मग तुम्ही," काकू म्हणाल्या.

काकांनी चेंडू टोलवला. बेसबॉलमध्ये बॅट टाकून धावतात, पण काका नागपूरच्या मैदानांवर क्रिकेट खेळून वाढलेले. बॅट घेऊनच सुटले. शेवटी तेही हातभर कमी पडले, तेव्हा सवयीने त्यांनी बॅट पुढे टेकवली.

"काका, आउट यार," पोरं म्हणाली.

वॉल्टरने प्लेटवर टेकलेल्या बॅटकडे पाहिलं. मग दोन्ही हात आडवे पसरले, म्हणजे बेसबॉलमधलं नाबाद.

वॉल्टर आता नाही. विषय निघाला की काका म्हणतात, मी पोचलो होतो. काकू म्हणतात, बॅट पोचली होती.