गाडीच्या पोटाखालचा काळा रंग

तपासणी केंद्रावर तिला पाठीमागे सगळे ठकठकताई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. परदेशातून आलेली प्रत्येक जुनी गाडी खड्ड्यावर घ्यायची, आपण खाली उतरायचं आणि छोट्या हातोडीने गाडीचं पोट ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. एकोणीस वर्षांत तिचा कान एकदाही चुकला नव्हता. सख्ख्या दिराची गाडी तिने नापास केली होती, आणि दीर वर्षभर तोंड फुगवून बसला होता. हिच्या पोटातलं पाणीही हललं नव्हतं.

आज खड्ड्यावर दादाची गाडी होती. जपानहून आलेली पांढरी व्हॅन, मागे चाकांची खुर्ची थेट आत घेणारा उतार. वहिनी दोन वर्षं घरातून बाहेर पडली होती ती फक्त अँब्युलन्समधून. येत्या रविवारी ती या गाडीतून लेकीकडे जाणार होती. लेकीचं घर वीस मिनिटांवर, पण वहिनीने ते अजून पाहिलं नव्हतं.

पहिल्या तपासणीत गाडी दिव्यांवरून नापास झाली. तिकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे झोत डावीकडे. इथे वाहनं उजवीकडून, म्हणून तो समोरच्याच्या डोळ्यांत जाई. दादाने दिवे बदलले. पण नियम असा की दुसऱ्यांदा नापास झाली की गाडी भंगारात, मग कुणाचंही काही चालत नाही. गाडी भावाची आहे हे तिने साहेबांना आधीच सांगितलं होतं. साहेब हसले आणि म्हणाले, मग तर तुम्हीच तपासा.

दिवे पास झाले. ब्रेक पास झाले. जपानी कागदांवरचा आणि सांगाड्यावरचा नंबर तिने आकडा न् आकडा जुळवून पाहिला. काचेपलीकडे दादा उभाच होता; बाकडं रिकामं असून बसत नव्हता.

ती खड्ड्यात उतरली आणि तिने वर पाहिलं. गाडीचं पोट काळंभोर चकचकत होतं. रंग नवा होता, त्याचा वास अजून जायचा होता. बारा वर्षं चाललेल्या गाडीला असा रंग कुणी उगाच फासत नाही.

ठक, ठक. पुढून सगळं खणखणीत. मागच्या चाकापर्यंत पत्रा उत्तम वाजला आणि तिला वाटलं, आपण उगाच घाबरलो. मग खुर्ची गाडीच्या तळाला बांधायचे हूक जिथे बसवले होते, तिथे हातोडी बद्द वाजली. तिने पुन्हा ठोकलं. हातोडीचा आवाज कुणी ऐकला नव्हता, वरती दुसऱ्या गाडीचं इंजिन धडधडत होतं. सही करून वर गेलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि हा विचार तिला आला. आला तसा तो थोडा वेळ थांबलाही.

मग तिने स्क्रूड्रायव्हर टेकवला. फार जोरही लावावा लागला नाही. तो मुठीपर्यंत आत गेला.

ती वर आली तेव्हा दादाने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं.

"रंग तू लावलास?"

"हो."

"लावताना गंज दिसला होता?"

दादाने मान हलवली. "दिसला होता."

तिचं डोकं फिरलं. एकोणीस वर्षांत ती कुणावर एवढी चिडली नव्हती. "आणि तिथेच वहिनीची खुर्ची बांधणार होतास? एका धक्क्यात हूक उपटून आला असता, दादा."

"मला वाटलं," दादा हळू म्हणाला, "तुला सापडला नाही, तर तो तेवढा वाईट नसेल. तुझ्या हातून काही सुटत नाही. तू सही केली असतीस तर मी बिनघोर झालो असतो."

तो तिला फसवत नव्हता. त्याने बायकोचा जीव हिच्या कानावर टाकला होता, आणि खड्ड्यात ती क्षणभर थांबली होती, हे त्याला कधीच कळणार नव्हतं.

तिने फॉर्म भरला. 'अमान्य'चा शिक्का उचलला, पण टेकवायला गेली की कागद टेबलावर सरकत राहिला. दादा पुढे झाला आणि त्याने दोन बोटांनी कागद घट्ट धरून ठेवला.