वळणावर ठेवलेला माणूस

एक धडधाकट माणूस मी ऑस्ट्रियात एका वळणावर विसरून आले होते. छत्री विसरावी तसा. आणि विसरल्यावर हॉटेलच्या लॉबीत बसून जर्दाळूचा केक खात होते. दुसरा तुकडा.

आज मी दोन नातवंडांची आजी आहे आणि डोक्यावरचा चष्मा घरभर शोधते, त्यामुळे कुणाला वाटेल हे वयामुळे झालं असेल. मुळीच नाही. तेव्हा मी एक्कावन्नची होते, डोकं तल्लख होतं आणि स्वतःवर भलतीच खूश होते. खरी भानगड तीच.

अंधेरीच्या एका टूर कंपनीत मी वीस वर्षं तिकिटिंग काउंटरवर काढली. लोकांना जगभर पाठवलं आणि स्वतः रोज मुलुंडला परत आले. मग कंपनीने नवीन टूर काढली: परदेशात सायकलिंग आणि वॉकिंग. आठ दिवस नदीकाठाने जायचं, थोडं सायकलवर, थोडं पायी. सामान व्हॅनमधून पुढे जाणार. सायकली बॅटरीच्या, म्हणजे तुम्ही पायडल मारायचं आणि उरलेलं काम मोटरने करायचं. ग्रुप मराठी, साठीच्या आसपासचा. बरोबर जायला बाईमाणूस हवं होतं.

आमचे साहेब, सामंत, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी विचारलं, "सुलभाताई, सायकल येते ना?"

"म्हणजे काय सर! लहानपणापासून."

लहानपणी मी सायकल पाहिली होती. भावाची. मग तीन महिने मुलुंडच्या मैदानावर पहाटे शेजारच्या मुलीची गुलाबी सायकल घेऊन मी धडपडले. फिरायला येणारे आजोबा मला बघून मैदानाची बाजू बदलत. पण शिकले बाई. वळता येत होतं, थांबताही येत होतं. दोन्ही एकदम मात्र जमत नव्हतं.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगते, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे. सायकलचा ग्रुप एकत्र राहत नाही. कुणी पुढे जातं, कुणी फोटो काढत मागे राहतं. म्हणून सगळ्यात पुढे लोकल गाइड असतो आणि सगळ्यात मागे टूर मॅनेजर, म्हणजे मी. या मागच्याला स्वीप म्हणतात. केरसुणीसारखं, उरलंसुरलं गोळा करत यायचं. जिथे रस्ता फुटतो तिथे गाइड आपल्या पाठच्या माणसाला उभं करतो. याला कॉर्नर म्हणतात. कॉर्नरने हात करून मागून येणाऱ्यांना वाट दाखवायची आणि स्वीप येईपर्यंत हलायचं नाही. स्वीप आली की तिच्याबरोबर निघायचं. सोपी पद्धत आहे. स्वीपने त्या रस्त्याने यायला मात्र हवं.

टूरचा चौथा दिवस. डॅन्यूब नदीचा काठ. जर्दाळूचा हंगाम होता आणि झाडं इतकी लगडली होती की वाटेवरून जाताना केशरी उजेडातून गेल्यासारखं वाटायचं. ऊन होतं पण टोचत नव्हतं. नदी एवढी रुंद आणि एवढी गप्प, की आपणही कुजबुजत बोलावं. पायडल मारता मारता माझे डोळे मिटायला लागले होते. झोप नव्हे, सुख. आणि सुखाच्या बरोबर खाली, सीटवर, भयंकर दुःख. ज्यांनी एक्कावन्नाव्या वर्षी सायकल शिकली असेल त्यांना कळेल.

माझ्याबरोबर मागे होत्या बोरिवलीच्या सबनीसबाई. त्या म्हणाल्या, "सुलभा, माझा गुडघा बोलायला लागलाय गं."

मला निमित्तच हवं होतं. आमचं हॉटेल पलीकडच्या काठावर होतं. ठरलेला रस्ता आणखी सात किलोमीटर जाऊन पुलावरून पलीकडे उतरत होता. पण समोरच एक तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, काठाला लागली होती. मी गेर्डाला, आमच्या गाइडला, फोन लावला. ही पंचेचाळिशीची उंच बाई, बोलणं मोजून मापून. ती ग्रुप घेऊन केव्हाच हॉटेलवर पोहोचली होती.

तिने एकच प्रश्न विचारला. "ऑल कॉर्नर्स क्लिअर?"

मी त्या दिवसाचे दोन कॉर्नर गोळा केले होते. पुढे तिसरा आहे की नाही, हे विचारायला हवं होतं. पण मग मला माहीत नाही हे तिला कळलं असतं ना! मी विमानाच्या पायलटसारखा आवाज काढला. "ऑल क्लिअर!"

ती होडी म्हणजे एक नवलच. इंजिन नाही, वल्हं नाही. नदीवर आडवी तार बांधलेली, तिला ती अडकवलेली. पाण्याची ओढच तिला हळूहळू पलीकडे नेते. आवाज म्हणून नाही. मी कठड्याला टेकून उभी राहिले. वारा केसांत शिरला. वर टेकडीवर पडका किल्ला, खाली द्राक्षाचे मळे, आणि मध्ये मी, मुलुंड पूर्वची, तरंगत चाललेली. मला वाटलं, वीस वर्षं काउंटरमागे बसले ती याच पाच मिनिटांसाठी. तेव्हा मला कुणी नाव विचारलं असतं तर तेही पटकन सांगता आलं नसतं.

हॉटेलवर मी हेडकाउंट केला. म्हणजे माझ्या मते केला. रिसेप्शनवर आमच्या सात खोल्यांच्या चाव्या ठेवल्या होत्या. सबनीसबाईंनी आपली चावी घेतली आणि टेबल रिकामं झालं. चाव्या संपल्या म्हणजे माणसं आली. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिलं, 'सगळे सुखरूप पोहोचलो.' तीन वाजले होते. आंघोळ केली, मस्त झोप काढली आणि साडेपाचला केकपाशी येऊन बसले.

तेवढ्यात परबकाकू झोपेतून उठून जिना उतरून आल्या. घाटकोपरच्या, मूळच्या मालवणकडच्या. परबकाका आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर फोर्टमधल्या एका ऑफिसात एकोणतीस वर्षं लिफ्टमन. मुलाने दोघांना टूरवर पाठवलं होतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या केककडे पाहिलं, मग माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं.

"बाई, तुम्ही हय? मगे आमचे खंय?"

"म्हणजे? काका खोलीत नाहीत?"

"खोलयेत कसे आसतले? त्यांका त्या बायने वळणार उभे केल्यान ना! माका म्हणाले, तू पुढे हो, मी मॅडमवांगडा येतंय."

काटा माझ्या हातातून बशीत पडला. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. नवरा-बायकोला मिळून चावी एकच असते, हे वीस वर्षं रूम बुकिंग करणाऱ्या बाईला तेव्हा आठवलं.

"फोन! काकांना फोन लावा!"

काकूंनी पर्स उघडून दाखवली. काकांचा फोन आत होता. दोघांत एकच रोमिंग सिम घेतलेलं, आणि नवऱ्याचा फोन बायकोच्या पर्समध्ये. आपल्याकडच्या निम्म्या जोडप्यांचं असंच असतं. मग काकू हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांका साखर आसा. चारची गोळी ऱ्हवली. जवळ खावक काय नाय."

गेर्डा व्हॅन घेऊन पुढच्या गावी गेली होती. फोनवर ती म्हणाली, "तो उभा असेल त्या जागेपर्यंत मला पाऊण तास. तुला सायकलवर अर्धा. नीघ." ती तारेवरची होडी दुसऱ्या काठावर जाऊन थांबली होती, म्हणजे पुलावरूनच जायचं. काकूंनी माझ्या हातात गोळी आणि राजगिऱ्याचे दोन लाडू कोंबले. "शोधून हाडा हां बाई," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तशी सायकल मी जन्मात चालवली नव्हती. पुलावर मी वळलेही आणि थांबलेही, दोन्ही एकदम. डोक्यात नाही नाही ते येत होतं. चक्कर येऊन पडले असतील. नदीकडे गेले असतील. वाट शोधत भलत्या गावात शिरले असतील. भाषा येत नाही, हॉटेलचं नाव लक्षात नाही, खिशात रुपये. आणि आजूबाजूला जग असं शांत, की मला त्याचा रागच आला. संध्याकाळचं सोनेरी ऊन पाण्यावर पडलं होतं. एक पांढरी बोट जात होती, तिच्यावरचे लोक मला हात करत होते. मी रडत रडत त्यांना हात केला.

मग समोरून सायकलवर एक म्हातारं गोरं जोडपं आलं. मी काका दिसले का विचारण्यासाठी थांबले. शब्द सुचेना, म्हणून 'इंडियन' म्हणून मिशा दाखवल्या. दोघं हसायलाच लागले. त्यांनी मान किंचित झुकवली आणि उजवा हात लांब करून रस्ता दाखवला. 'पधारिये' म्हणावं तसा. तो हात मी ओळखला. परबकाका गेले चार दिवस प्रत्येक दरवाजा उघडून असाच हात करत होते.

वळणापाशी वाट फुटत होती. एक नदीकडे, एक वर मळ्यांत. मधोमध जर्दाळूच्या झाडाखाली, लाकडी स्टुलावर, पाठ ताठ करून परबकाका बसले होते. पायाशी जर्दाळूंची परडी. बाजूच्या बागेत एक आजीबाई फळांचे खोके भरत होत्या. कुणी सायकलवाला आला की काका उठत, झुकत, नदीकडे हात करत आणि पुन्हा बसत. मळ्यांकडे जायचं असलेली किती माणसं त्या दिवशी विनाकारण नदीवर गेली, देव जाणे.

मी सायकल टाकली आणि धावत गेले. काका उठून उभे राहिले. माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"आलात मॅडम? मागे अजून कोण राहिलंय?"

"नाही हो काका. मीच शेवटची."

"मग पोस्ट सोडू?"

"सोडा," मी म्हटलं, आणि रस्त्यातच बसून हुंदके द्यायला लागले.

काकांनी गोळी घेतली. दीड लाडू खाल्ला, अर्धा त्या आजीबाईंना दिला. त्यांनी तो हुंगून, उजेडात धरून, मग तोंडात टाकला आणि काहीतरी लांबलचक बोलल्या. काका मालवणीत उत्तरले. दोघांचं चार तास असंच चाललं होतं म्हणे. स्टूल त्यांनीच आणून दिलं होतं. काकांनी ते पुसून परत केलं आणि हात जोडले.

आम्ही सायकली हातात धरून नदीकाठाने चालू लागलो. गेर्डाची व्हॅन पुलापाशी भेटणार होती. मी दहा वेळा माफी मागितली. काकांचं लक्ष नव्हतं.

नदीकडे बघत ते म्हणाले, "लिफ्टमध्ये खिडकी नसते, मॅडम. सकाळी नऊला आत शिरलो की बाहेर ऊन आहे की पाऊस, ते लोकांच्या छत्र्या बघून कळायचं. स्टूल तेच. हात तसाच. पण आज दरवाजा बंद झालाच नाही. बसलो तो बसलोच. पाणी चाललंय, होड्या चालल्यात, सावली इथून तिथे गेली. मी फक्त बघत होतो."

"भीती नाही वाटली?"

"कसली? तुम्ही येणार होतात ना."

इतक्या वर्षांत मला कुणी याहून जोरात थोबाडीत मारलेलं नाही.

हॉटेलच्या दारात काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत चाचपलं आणि मग फैलावर घेतलं. "चार तास! हलाक नको थयसून? खांब आसात काय तुमी?"

"अगो, ड्युटी होती," काका म्हणाले आणि जर्दाळूंची परडी पुढे केली.

मुंबईला परतल्यावर काकांच्या मुलाने कंपनीला सणसणीत ईमेल लिहिला. त्याचं काही चुकलं नाही. सामंतसरांनी बोलावलं.

"सुलभाताई, तुम्ही पॅसेंजर हरवलात?"

"हरवला नाही सर. ठेवला होता, घ्यायला विसरले."

त्यांना हसू आलं नाही. मुलाला त्यांनी लेखी तक्रारीचा फॉर्म पाठवला होता. त्यावर परबकाकांची सही आली तर माझं नाव टूर लिस्टमधून जाणार आणि मी परत तिकिटिंग काउंटरवर. ते योग्यच होतं. फक्त मला त्या तारेवरच्या होडीची फार आठवण येत होती.

मी पेढे घेऊन घाटकोपरला गेले. आयुष्यभर लिफ्ट चालवलेल्या माणसाचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. काकूंनी कोकम सरबत दिलं. फॉर्म टीपॉयवरच होता, चष्म्याच्या घराखाली. त्यावर सही नव्हती. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात एक छोटी होडी काढलेली होती.

माझं नाव लिस्टवर राहिलं. पुढची नऊ वर्षं मी ग्रुप नेले. हेडकाउंट प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून केला. लोक वैतागायचे, मी ऐकलं नाही. चावी मोजायची नाही, सायकल मोजायची नाही, बायकोने 'आलेत हो' म्हटलं तर मानायचं नाही. माणूस मोजायचा. आणि माहीत नसेल तर पायलटचा आवाज काढायचा नाही.

त्या दिवशी घाटकोपरला मी निघाले, तेव्हा परबकाका जिन्यापर्यंत सोडायला आले. सवयीने हात करून मला वाट दाखवली. मग काकूंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "मॅडम, परत न्याल तेव्हा मला त्याच वळणावर उभं करा. फक्त त्या वेळी शोधायला इतक्या लवकर येऊ नका."