हिरव्या छपराचं घर

आईच्या हातात बांगड्या नव्हत्या, म्हणून त्यांनी आधी भरल्या आणि मग फोडल्या. हे मी ज्या कुणाला सांगते त्याला वाटतं, माझी काहीतरी गल्लत होते आहे. गल्लत बिलकुल नाही. मी तेव्हा नववीत होते, दारात उभी होते आणि सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आई जालन्यात मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. ड्यूटीवर काचेच्या बांगड्या चालत नसत, त्यामुळे वर्षभर तिचे हात मोकळे. नाताळच्या रजेत मात्र बाबा तिला मस्तगडला कासाराच्या दुकानात घेऊन जायचे आणि ती दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या भरायची. रजा संपली की साबण लावून एकेक उतरवायची, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवायची. पुढच्या वर्षी नव्या घ्यायच्याच, पण जुन्या टाकायच्या नाहीत. वर्षाचे ते चार दिवस ती नर्स नसायची. चहा गाळतानाही तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा.

त्याच दुकानातून बाबा एक पुडी आणायचे. बांगड्या भरताना ज्या पिचतात त्यांच्या काचा कासार एका डब्यात टाकायचा, त्या तो बाबांना फुकट द्यायचा. बाबा दवाखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते, त्यामुळे औषधांचे रिकामे खोके आमच्याकडे भरपूर. डिसेंबर लागला की आम्ही दोघं पुठ्ठ्याचं घर करायला बसायचो. बाबा ब्लेडनं भिंती कापायचे, खिडक्यांना लाल-पिवळा जिलेटिनचा कागद आतून चिकटवायचे. काचा फडक्यात बांधून बत्त्यानं कुटायचं काम माझं. कुटलेलं चाळायचं, जाडसर चमकी छपरावर, पिठासारखी बारीक भिंतींवर. आधी मैद्याच्या खळीचा हात द्यायचा, वरून चमकी भुरभुरायची आणि वाळेपर्यंत कुणी शिवायचं नाही. आत टॉर्चचा बल्ब आणि दोन सेल.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी हे घर चर्चमध्ये बाळ येशूच्या गव्हाणीशेजारी ठेवलं जायचं. सगळे दिवे मालवायचे, बाबा घर धरायचे, आई पुढं होऊन बल्ब लावायची, आणि मग पहिलं गाणं सुरू व्हायचं. त्या चर्चमध्ये आम्ही कुणी पुढारी नव्हतो, वर्गणीत आमचं नाव वर नसायचं. पण तो एक दिवा आमचा होता.

मोठ्या दुष्काळानंतरच्या एका वर्षी, दसरा होऊन गेल्यावर, बाबा गेले. ताप डोक्यात गेला म्हणाले. आईच्याच दवाखान्यात गेले आणि त्या रात्री तिचीच ड्यूटी होती. माती देऊन आम्ही परत आलो, तेव्हा चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई चार बायकांना घेऊन घरात बसलेल्या होत्या. आमच्या मिशन कंपाउंडमधली सगळी पोरं त्यांना मावशी म्हणायची. मावशींनी आईचे हात हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "हातात तर काहीच न्हाई हो. ट्रंक कुठं हाय?"

त्यांनी ट्रंक उघडली. ते फडकं सोडलं. आईच्या दोन्ही हातांत त्या हिरव्या बांगड्या चढवल्या, मापात बसेनात तिथं दाबून चढवल्या. आई हात पुढं करून बसली होती, जशी कासारापुढं बसायची तशीच. मग मावशींनी तिचे हात उंबऱ्यावर ठेवले आणि पितळी तांब्यानं एकेक करून सगळ्या फोडल्या. मनगटावर दोन ठिकाणी काच लागली. वाढवल्या, असं म्हणतात लोक, फोडल्या म्हणत नाहीत. मी फोडल्याच म्हणते.

चर्चचे पाळकसाहेब बाहेर खुर्चीवर बसले होते. मी त्यांना विचारलं, शास्त्रात हे कुठं लिहिलंय. ते म्हणाले, "लिहिलेलं न्हाई बाळा, पण रीत हाय. बायांचं बायांना पाहू दे." माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो असल्या रिती गावातच टाकून येण्यासाठी, असं हेच पाळकसाहेब दर वर्षी व्यासपीठावरून सांगायचे. मला त्या खुर्चीला लाथ मारावीशी वाटली. ती मी मारली नाही, याची मला आजही चुटपुट आहे.

बायका गेल्यावर मी उंबऱ्यावरच्या काचा गोळा केल्या. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. कुणीतरी त्या केरात झाडून उकिरड्यावर टाकाव्यात हे मला सहन होईना, एवढंच. बाबांच्या चमकीच्या डब्यात भरल्या आणि झाकण लावलं.

डिसेंबरात मावशी पुन्हा आल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "घर करून राह्यली ना गं? कर, चांगलं कर. बापाचं नाव निघंल." मग आईकडे वळल्या. "पण यंदा तुमी पुढं नका येऊ, बाई. सणाची वेळ हाय. आमचं पोरगं आन् नवी सूनबाई लावतेन दिवा. तुमी मागच्या बाकावर बसा निवांत."

म्हणजे दिवाही त्यांच्याच घरात नेला. मला वाटलं, आता आई बोलेल. जी बाई ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरला 'थांबा' म्हणायची, ती आता तरी काही म्हणेल. आई म्हणाली, "बराबर हाय तुमचं." त्या दिवशी मावशींपेक्षा आईचा राग मला जास्त आला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही, किंवा आलं असेल.

मग मी घर करायला घेतलं. कासाराकडे गेलेच नाही. डबा उघडला, काचा फडक्यात बांधल्या आणि इतक्या रागानं कुटल्या की फडकं फाटून चमकी फरशीवर उडाली. भिंतींना नुसता चुना दिला. सगळी हिरवी चमकी छपरावर. बाबांच्या घरांची छपरं पंचरंगी असायची. हे एकरंगी होतं, गडद हिरवं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या कुठल्याही घरापेक्षा देखणं झालं होतं. आई ड्यूटीवरून आली, घरापाशी उभी राहिली. बोट लावू गेली आणि लावलं नाही. मग घागर घेऊन नळावर गेली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी घर घेऊन चर्चमध्ये गेले. आई मागच्या बाकावर बसली, सांगितलं होतं तिथंच. दिवे मालवायच्या आधी मावशींची सून घर घ्यायला पुढं आली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, स्वभावाची गरीब मुलगी, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. तिच्यासमोर काही बोलू नये असं क्षणभर वाटलं. पण ती कौतुकानं म्हणाली, "किती सुंदर गं. ही चमकी कुठून आणली?"

"मावशींनी दिली," मी म्हणाले.

"मी कवा दिली?" मावशी हसत म्हणाल्या. त्यांना वाटलं, मी त्यांना मान देते आहे.

"आईच्या हातावर फोडल्या न्हाईत का? त्याच ह्या. कुटून लावल्या."

मी मुद्दाम मोठ्यानं बोलले. पुढच्या तीन-चार बाकांना ऐकू गेलं असेल, बाकीच्यांना त्यांनी सांगितलं. सुनेनं हात एकदम मागं घेतले आणि चुड्यावर पदर ओढला. मावशींनी मुलाला दंडाला धरून बाजूला केलं. "इकडं ये. शिवू नको त्याला." पाळकसाहेबांकडे पाहिलं तर ते गाण्यांच्या पुस्तकात पान शोधत होते. ते तरी हात पुढं करतील असं मला वाटलं होतं. कुणीच करेना. मी घर घेऊन उभी, आणि ज्या लोकांच्या पूर्वजांना गावानं विहिरीला शिवू दिलं नव्हतं, ते सगळे माझ्या पुठ्ठ्याच्या घरापासून दोन पावलं लांब उभे. त्यांतल्या एकालाही लाज वाटली नाही. मी एकेकाचं तोंड बघून ठेवलं आहे.

मागून चपलांचा आवाज आला. आई चालत पुढं येत होती, पांढऱ्या साडीत, वॉर्डात चालायची त्याच चालीनं. तिनं माझ्या हातातून घर घेतलं, गव्हाणीशेजारी गवतावर ठेवलं आणि मागच्या बाजूनं बोट घालून बल्ब लावला. छपरावर हिरवा उजेड चढला. गाणं कुणी सुरू करेना, तेव्हा तिनंच सुरू केलं. थोड्या वेळानं लोक गाऊ लागले, न गाऊन सांगतात कुणाला. दिवा तिनं लावला तो हक्कानं नाही, दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं म्हणून, आणि हे आठवलं की मला अजून संताप येतो.

घरी येताना ती म्हणाली, "लोकांसमोर बोलायची काय गरज होती?"

"होती," मी म्हणाले.

थोडं पुढं आल्यावर तिनं विचारलं, "सगळ्या कुटल्या का? एखादी बी साबूत न्हाई राह्यली?"

तिचा आवाज असा होता की मी वळून पाहिलं. ती उजव्या हातानं डावं मनगट चोळत होती, जिथं काच लागली होती तिथं. इतके दिवस मी समजत होते की तिला राग येतच नाही.

"न्हाई राह्यली," मी म्हणाले.

"कासाराचं दुकान उद्या उघडं असतं का?"

"असतं की. त्याला कुठं नाताळ?"

"मंग जल्दी ऊठ," आई म्हणाली. "चर्चला जायच्या आधी जाऊन येऊ."